इंजिन अजून उघडू देऊ नका

प्रश्न : माझी डिझेल गाडी अकरा वर्षं जुनी आहे, १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेत. आईला नागपूरला दाखवायला न्यायचं होतं म्हणून आधी दर्यापूरच्या एका गॅरेजात नेली. ऑईल, ऑईल फिल्टर, पाण्याचा पंप आणि खालचा होजपाइप बदलला. ९,२०० रुपये फोनवरून दिले. बिल मिळालं नाही, वहीच्या कागदावर हिशोब लिहून दिला. तीन दिवसांनी निघालो. अमरावती, तिवसा मागे टाकलं आणि तळेगावच्या अलीकडे ऑईलचा लाल दिवा लुकलुकला, मग लागूनच राहिला. हीटचा काटा जागेवर होता. दोन किलोमीटरवर ढाबा होता, तिथवर नेली. पोचता पोचता खालून खडखड आवाज आला आणि गाडी बंद पडली. ऑईलची पट्टी कोरडी होती. ढाब्याजवळून एक लिटर ऑईल घेऊन टाकलं, चार-पाच वेळा सेल्फ मारला, नुसता ‘टक्’ आवाज. मागची काच ऑईलच्या बारीक थेंबांनी माखली होती. गाडी टोचन करून त्याच गॅरेजात आणली. मिस्त्री म्हणतो, “इंजिन तं आंधीच खल्लास झालं होतं भाऊ, मी का करू त्याले?” उद्या-परवा उघडतो म्हणाला, ८५ हजार सांगितले. काय करावं?
— एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : हे वाचून झालं की पहिला फोन मिस्त्रीला करा आणि सांगा, इंजिनला पाना लावू नको. भांडू नका. लगेच तेच वाक्य व्हॉट्सॲपवरही पाठवा : “माझ्या लेखी परवानगीशिवाय गाडीचं कोणतंही काम सुरू करू नये, ऑईल काढू नये, फिल्टर काढू नये.” तुमच्या सगळ्या प्रकरणाचा निकाल त्या फिल्टरपाशी आणि चेंबरच्या, म्हणजे इंजिनखालच्या ऑईलच्या भांड्याच्या, नटापाशी अडकलेला आहे. मिस्त्रीनं ते एकट्यानं काढलं, की जुना फिल्टर भंगारात जाईल, राहिलेलं ऑईल डब्यात जाईल आणि तुमच्याकडे फक्त ‘तो म्हणतो, मी म्हणतो’ उरेल. मिस्त्री मुद्दाम पुरावा नष्ट करेल असं म्हणायचं नाही. गॅरेजात काढलेली वस्तू फेकायचीच असते, त्यात त्याला काही वावगं वाटणार नाही.

परवानगीची अट लेखी असण्याला आणखी एक कारण आहे. केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवायचा हक्क १८७२ च्या करार कायद्यानं (कलम १७०) कारागिराला दिला आहे. आधीचे पैसे तुम्ही दिलेत, म्हणजे आज त्याची काहीही बाकी नाही. उद्या त्यानं हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवून ठेवलं, तर खोलाईच्या मजुरीसाठी गाडी अडकू शकते.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीला तुम्ही फारसं महत्त्व दिलं नाही, तिच्याकडे वळू. मागच्या काचेवरचे ऑईलचे थेंब. इंजिन जुनं होऊन ऑईल ‘खातं’ तेव्हा ते आत जळतं आणि सायलेन्सरमधून निळसर धूर होऊन बाहेर पडतं. तेही हळूहळू, हजार किलोमीटरला पाव-अर्धा लिटर असं. तीन दिवसांत पट्टी कोरडी होत नाही. पळत्या गाडीखालून दाबानं ऑईल बाहेर फेकलं गेलं, तर मात्र ते वाऱ्याबरोबर मागे जातं आणि मागच्या भोवऱ्यात अडकून डिकीच्या दारावर, काचेवर बसतं. तुमचं ऑईल जळालेलं नाही, सांडलेलं आहे. ती काच अजून पुसली नसेल तर पुसू नका. आजच दिवसाच्या उजेडात फोटो काढा.

कुठून सांडलं असेल? ऑईल बदलल्यानंतरच्या गळतीच्या ठरलेल्या दोन जागा आहेत. पहिली, फिल्टर. जुना डबा-फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग कधी कधी इंजिनच्या तोंडालाच चिकटून राहते. ती न पाहता नवा फिल्टर फिरवला, की एकावर एक दोन रिंगा बसतात. गॅरेजात गाडी चालू करून पाहिली तर एक थेंब गळत नाही. गावातल्या गावातही काही होत नाही. हायवेवर इंजिन तापून ताशी ८०-९० नं तासभर दाब राहिला, की वरची रिंग घसरून बाहेर येते आणि ऑईल पंप स्वतःच इंजिनचं सगळं ऑईल रस्त्यावर ओततो. काही मिनिटांचं काम. छोट्या डिझेल इंजिनात ऑईल असतं तीन ते साडेचार लिटर. तुमच्या गाडीला डब्याऐवजी आत कागदी फिल्टर आणि वर टोपी असेल, तर संशय टोपीच्या ओ-रिंगवर : जुनीच ठेवली, खाचेत नीट बसवली नाही किंवा टोपी आवळताना चिरली.

दुसरी जागा चेंबरचा नट. त्याखालचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर एकदाच दबून बसण्यासाठी असतो. तो दर वेळी नवा टाकायचा. किंमत किरकोळ, म्हणूनच बहुधा टाकला जात नाही. मग गळू नये म्हणून नट जोर लावून आवळतात, ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात आणि पुढे तो हादऱ्यानं सैल होतो. नट पूर्ण पडला असेल तर गाडीखाली भोक दिसेल. चेंबरला दगड लागून फुटलं असेल तर ताजा खड्डा किंवा तडा दिसेल, आणि तसं असेल तर मिस्त्रीचा दोष नाही हे आपण मान्य केलं पाहिजे. तेही बघून घ्या.

काटा जागेवर होता, म्हणून पाण्याचा प्रश्न सध्या मागे राहतो, पण सोडून द्यायचा नाही. पाणी पूर्ण गेलं असेल तर हीटचा सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येतो किंवा जागेवर राहतो. पंप आणि होज बदलल्यावर आतली हवा नीट काढली नाही, तर असं होऊ शकतं. थंड इंजिनवर टाकीतली कूलंटची पातळी आणि रंग बघा, फोटो काढा. तुमचा भाग खारपाणपट्ट्यातला, मिस्त्री ‘तुम्ही बोअरचं पाणी टाकलं असेल’ म्हणेलच. टाकीत रंगीत कूलंट भरलेलं दिसलं तर तो मुद्दा तिथेच संपतो. गंजकट किंवा पांढुरकं पाणी दिसलं तर त्याच्या बोलण्यात तथ्य असेल. तुमच्या इंजिनात पाण्याचा पंप टायमिंग बेल्टवर फिरतो का, हेही विचारा. तसं असेल तर पंप बदलताना बेल्ट उतरवलेलाच असणार. बेल्ट सुटला किंवा दात चुकला तर वॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. पण तेव्हा बहुधा इंजिन झटक्यात बंद पडतं, आणि पूर्ण जाम नसेल तर सेल्फ मारल्यावर हलकं-हलकं फिरतं. तुमच्याकडे आधी दिवा, मग खडखड, मग ‘टक्’. हा क्रम ऑईल संपून बेअरिंग धरल्याचा आहे.

आता तपासणी. यासाठी तिसरा माणूस लागेल. अमरावती किंवा अकोल्याचा, मोटारींचे दावे पाहणारा परवानाधारक विमा सर्व्हेअर उत्तम. त्याची फी आधी ठरवून घ्या आणि अहवाल सहीशिक्क्यानिशी हवा असं सांगा. नाहीतर तुमच्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून लेखी तपासणी अहवाल घ्या. शेजारच्या गॅरेजवाल्याचं तोंडी ‘चूक त्याचीच आहे’ काही कामाचं नाही, आणि तो लिहून देणारही नाही. दर्यापुरात रोज एकमेकांची तोंडं बघायची असतात. तपासणीची तारीख-वेळ मिस्त्रीला दोन दिवस आधी लेखी कळवा आणि त्याला हजर राहायला बोलवा. तो आला तर त्याच्यासमोर होईल. आला नाही तर बोलावूनही आला नाही, याची नोंद राहील.

त्या दिवशी सगळ्याचं सलग व्हिडिओ शूटिंग करा : आधी गाडीचा नंबर, किलोमीटरचा आकडा, मग गाडीखालचा भाग. ऑईलचा ओघळ कुठून सुरू होऊन मागे गेलाय ते खालून स्पष्ट दिसतं, सर्वात वरची आणि सर्वात पुढची ओली जागा म्हणजे गळतीचं मूळ. नट हातानं हलतो का बघा. मग नट काढून ऑईल स्वच्छ भांड्यात घ्या आणि मोजा. ढाब्यावर टाकलेलं एक लिटर त्यातून वजा करायला विसरू नका. समजा १ लिटर ३०० मिली निघालं, तर इंजिनात मूळचं ३०० मिलीच उरलं होतं. पाव लिटर काचेच्या कोरड्या बाटलीत भरून, झाकणावर चिकटपट्टी लावून दोघांच्या सह्या घ्या. त्यानंतर फिल्टर काढायचा, कॅमेरा तोंडाजवळ धरून. दोन रिंगा निघाल्या तर पुढे फार वाद उरत नाही. फिल्टर, रिंगा, नट, वायसर असं सगळं एका पिशवीत सील करून तुमच्याकडे ठेवा.

इंजिन खरंच जाम आहे का, हे सेल्फ मारून बघायचं नाही. तुम्ही चार-पाचदा मारलात ते झालं, आता पुन्हा नको. धक्का तर मुळीच नको. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) पुलीच्या बोल्टला लांब पाना लावून हातानं फिरवायचं. फिरलं नाही तर बाहेरचा बेल्ट काढून पुन्हा एकदा, कारण अल्टरनेटर किंवा एसीचा कॉम्प्रेसर धरला तरी इंजिन जाम वाटतं. तुमच्याकडे खडखड झाली होती, त्यामुळे ती आशा थोडीच. पण दोन मिनिटांच्या कामानं मोठा खर्च वाचत असेल तर बघून घ्यावं.

पुढची पायरी चेंबर उतरवून बेअरिंगचे शेल, म्हणजे क्रँकभोवती बसणाऱ्या धातूच्या पातळ वाट्या, बघणं. ‘इंजिन आधीच खल्लास होतं’ याचं उत्तर इथे मिळतं, दोन्ही बाजूंनी. ऑईल अचानक संपलं असेल तर बहुतेक कनेक्टिंग रॉडचे शेल एकाच वेळी पुसल्यासारखे, तांबूस झालेले दिसतात आणि क्रँकवर जळून निळसर डाग पडतात. एकच शेल झिजलेला आणि बाकीचे बरे असतील, तर ते दुखणं जुनं असू शकतं. टॅपेट कव्हरखाली काळा चिकट गाळ थरच्या थर साचलेला असेल, तर अनेक वर्षं ऑईल वेळेवर बदललेलं नाही आणि मिस्त्रीचं म्हणणं निदान अर्धं खरं आहे. जुन्या सर्व्हिसची जी काही बिलं, स्टिकर, डायरीतल्या नोंदी असतील त्या आत्ताच शोधून ठेवा. १ लाख ३८ हजार म्हणजे नीट राखलेल्या डिझेल इंजिनाचं मरणाचं वय नव्हे, पण राखलं होतं हे दाखवावं लागेल.

एक अप्रिय गोष्ट बोललीच पाहिजे : ते दोन किलोमीटर. लाल दिवा ऑईलची पातळी दाखवत नाही, दाब संपला हे सांगतो. ताशी साठनं दोन किलोमीटर म्हणजे दोन मिनिटं, आणि दोन हजारांच्या आसपास आरपीएम धरला तर क्रँकचे चार हजार कोरडे फेरे. दिवा लागताच बाजूला घेऊन बंद केली असती तर कदाचित शेलवर भागलं असतं. मिस्त्री किंवा त्याचा वकील हे पहिलं काढेल. लपवू नका. तुमच्या पत्रात लिहिलंत तसंच सगळीकडे लिहा. गळती त्याची, दोन मिनिटं तुमची, असं मांडलेलं प्रकरण टिकतं. ‘दिवा लागलाच नाही’ असं एकदा लिहिलंत आणि पुढे खोटं ठरलं, तर बाकीचं खरंही कोणी मानणार नाही.

आता पत्र. वकिलाची नोटीस लगेच नको. साधं पत्र स्पीड पोस्टानं पोचपावतीसह पाठवा, प्रत व्हॉट्सॲपवर. मजकूर एवढाच :

“दि. … रोजी आपण माझ्या गाडीचं (क्रमांक …) ऑईल, फिल्टर, पाण्याचा पंप व होज बदलून ९,२०० रुपये घेतले. दि. … रोजी … किलोमीटर चालल्यावर ऑईल पूर्ण गळून इंजिन बंद पडले. गाडी आपल्या ताब्यात असून ती आहे त्या स्थितीत ठेवावी. दि. … रोजी … वाजता तज्ज्ञांसमक्ष तपासणी होईल, आपण हजर राहावे. कामातील दोषामुळे नुकसान झाल्याचे आढळल्यास दुरुस्तीचा खर्च आपण द्यावा. ९,२०० रुपयांचे रीतसर बिल द्यावे.”

बिल नाही म्हणून घाबरू नका. फोनवरून दिलेल्या पैशांची नोंद आणि त्याच्या हस्ताक्षरातला हिशोब, दोन्ही पुरावे आहेत. उलट २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. पोलिस ठाण्यात जाऊन दिवस घालवू नका, हा फौजदारी मामला नाही. विम्याच्या पॉलिसीकडे मात्र एकदा नजर टाका : साध्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड बसत नाही, ‘इंजिन प्रोटेक्ट’ घेतलेलं असेल तर ऑईलगळतीबद्दल काय लिहिलंय ते वाचा आणि उघडण्याआधी कंपनीला कळवा. अकरा वर्षांच्या गाडीला ते असण्याची शक्यता कमीच.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. ती समेटासाठी आहे, आदेश देत नाही, पण नोंद होते. त्यानंतर अमरावतीचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही, आणि ज्या सेवेची किंमत ५ लाखांच्या आत आहे तिला फी नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. कायद्यात तीन ते पाच महिन्यांत निकाल द्यावा असं म्हटलं आहे. तुम्ही मात्र वर्षाच्या वर धरून चाला. तोवर गाडी बंद ठेवण्याची गरज नाही. तपासणीचा अहवाल, व्हिडिओ आणि काढलेले भाग हातात असले की दुसरीकडे दुरुस्ती करून तिचं बिल मागता येतं.

तरी आयोगाआधी समोरासमोर बसून मिटवायचा एक प्रयत्न करा, असं आमचं मत आहे. तालुक्याच्या गावातला मिस्त्री ८५ हजार रोख देईल ही अपेक्षा धरू नका. देऊ शकतो ती मजुरी. गळती त्याच्या कामातून झाली असं अहवालात आलं, तर मजुरी आणि लेथचा खर्च त्याचा, सुट्या भागांचा काही हिस्सा त्याचा, बाकी तुमचा. अकरा वर्षं वापरलेल्या रिंग-शेलांच्या जागी नवे मिळणार आहेत आणि ती दोन मिनिटंही आहेतच, म्हणून ही वाटणी वाजवी आहे. काम मात्र दुसऱ्या गॅरेजात करा. ज्याच्या हातून बिघडलं त्यालाच फुकटात दुरुस्त करायला दिलं, तर तो सर्वात स्वस्त भाग वापरेल, त्यात नवल नाही.

आणि ते ८५ हजार. चेंबर न उतरवता सांगितलेला आकडा हा अंदाजही नव्हे. क्रँक ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर घासून जाड शेल बसतील का, की क्रँकच गेला, ब्लॉकमधल्या मेन बेअरिंगच्या जागा शाबूत आहेत का, रॉड वाकला का, हे कळल्याशिवाय खर्च ठरत नाही. काही कंपन्या क्रँक घासायला परवानगीच देत नाहीत, तेही तुमच्या मॉडेलपुरतं विचारून घ्या. कोटेशन भागवार लिहून घ्या, आणि त्यात या गोष्टी आहेत का बघा : नवा ऑईल पंप, ताणून बसणारे असतील तर हेडचे नवे बोल्ट, टर्बोची तपासणी आणि त्याच्या ऑईल पाइपची सफाई, ऑईल कूलरची सफाई. शेल घासले गेले की धातूचा चुरा सगळीकडे जातो. कूलर न धुता इंजिन बांधलं तर नवे शेल काही महिन्यांत पुन्हा जातात, आणि तेव्हा तुम्ही हेच पत्र पुन्हा लिहाल.

‘नागपूरहून जुनं इंजिन आणून बसवू’ असं कोणी सुचवेल. खर्च कमी होतो हे खरं. पण त्या इंजिनाचं बिल, ज्या गाडीतून निघालं तिचा नंबर आणि कागद मिळाल्याशिवाय घेऊ नका. चोरीच्या गाडीचं निघालं तर ते तुमच्या गाडीत सापडेल. बसवल्यावर आरटीओत आरसीवरचा इंजिन नंबर बदलून घ्यावा लागतो. नाहीतर गाडी विकताना आणि विम्याचा दावा करताना अडतं. आणि एकूण खर्च तुमच्या गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या निम्म्याच्या वर जात असेल, तर बंद अवस्थेत काय किंमत येते हेही दोन ठिकाणी विचारून ठेवा.

इंजिन बांधून झालं की पहिल्या १,००० किलोमीटरला ऑईल-फिल्टर बदला. गॅरेजातून निघण्याआधी मिस्त्रीसमोर जुना फिल्टर हातात घ्या आणि त्याची रबरी रिंग त्याच्यालाच लागून निघाली आहे ना, बघा. नवा फिल्टर लावताना त्याच्या रिंगला ऑईलचं बोट लावायचं, रिंग टेकली की हातानं पाऊण फेरा, पाना नको. गाडी एक मिनिट चालू ठेवून बंद करायची, पाच मिनिटांनी पट्टी बघायची, खाली पुठ्ठा टाकून ठेवायचा. पट्टी पुन्हा एकदा पन्नास किलोमीटरवर, म्हणजे नागपूरच्या वाटेवर असाल तर अमरावतीतच.